तिला मी साक्षीला उभं केलं

आमच्या चर्चच्या मंडळीत कुणाच्या घरी आजारपण आलं, कुणाचं माणूस गेलं, कुणाची नोकरी सुटली की पाळकसाहेबांचा मला फोन यायचा, "बाई, जरा जाऊन या." मी लगेच पायात चपला सरकवायचे. सगळी नोकरी प्राथमिक शाळेत गेल्यामुळे रडणाऱ्याला गप्प कसं करायचं हे मला पक्कं ठाऊक होतं. हातात मऊ भाताचा डबा, तोंडात एखादं वचन आणि अंगात दांडगा उत्साह, एवढ्या सामानावर मी कुठल्याही घरात घुसायचे. बाई येऊन गेल्या की धीर येतो, असं लोक म्हणायचे. मला ते ऐकायला फार आवडायचं. इतकं, की एखाद्या आठवड्यात कुणीच आजारी नसलं तर मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. हे आज लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

मी राहते बदलापूरला, हेंद्रेपाड्यात. आमचं चर्च अंबरनाथला. आणि जिची ही गोष्ट आहे ती राहायची उल्हासनगरला, जीन्सच्या कारखान्यांच्या मागे एका चाळीत. वय चाळिशीच्या आसपास, नवरा आनंदनगरच्या एमआयडीसीत पाळीवर, एक मुलगी आठवीत. तिचं काम घरातच चालायचं. शिवून झालेल्या पॅन्टींचे गठ्ठे दारात येऊन पडायचे आणि ती बसल्या बसल्या कात्रीने त्यांचे लोंबणारे धागे कापायची. निळ्या रंगाने तिची बोटं कायम मळलेली असायची. चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या दिवशी ती हात पदराखाली धरून बसायची.

तिच्या छातीत गाठ निघाली आणि मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं, तेव्हा पाळकसाहेबांनी अर्थात मलाच पाठवलं. त्या वर्षात मी खरंच राबले, हे मी स्वतःच्या बाजूने सांगू शकते. केमोनंतर ती चार-चार दिवस उठायची नाही. मी जाऊन पेज करायचे, मुलीच्या वेण्या घालायचे, भांडी घासायचे, आणि कधीकधी तिचा गठ्ठाही पुढे ओढून धागे कापायला बसायचे. सेठचा माणूस माल न्यायला आला की म्हणायचा, "टीचरजी, आपका कटिंग में धागा रह जाता है." ती पडल्या पडल्या हसायची. तिचे केस गेले, भुवया गेल्या, पण मी तिला आरसा बघू दिला नाही आणि रडूही दिलं नाही. डोळ्यांत पाणी आलं की मी म्हणायचे, रडायचं नाही, विश्वास धरायचा. आणि ती डोळे पुसायची. गुणी विद्यार्थिनी होती.

उपचार संपले आणि रिपोर्ट चांगला आला. डॉक्टरांनी सांगितलं, आता काही दिसत नाही, पण दर तीन महिन्यांनी तपासायला यायचं, चुकवायचं नाही. दोन आठवड्यांवर आमचा उपकारस्तुतीचा सण होता. त्या दिवशी लोक घरून भोपळे, नारळ, कोंबड्या, तांदूळ असं काय काय वेदीपुढे आणून ठेवतात, उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो, आणि मध्ये साक्षी होतात. देवाने माझ्यासाठी काय केलं ते उभं राहून सगळ्यांना सांगायचं. मी ठरवून टाकलं की या वर्षी हिचीच साक्ष.

ती नको म्हणाली. तेव्हाच म्हणाली, हे मला लिहायलाच हवं.

"बाई, एवढ्यात कशाला? डॉक्टर बोललेत ना, चेकिंग चालू राहणार. पुढच्या वर्षी देऊ की."

"तुझा विश्वास कमी पडतोय का?" मी विचारलं.

यावर आमच्या माणसाला काहीच बोलता येत नाही. दोन दिवसांनी तिने मुलीच्या वहीच्या पानावर साक्ष लिहून आणली. बाईंना दाखवायला. मी पर्समधलं लाल पेन काढलं, ती सवय काही सुटलेली नाही. शुद्धलेखन सुधारलं. तपासणी अजून चालू आहे, मला भीती वाटते, मंडळीने प्रार्थना करावी, अशा तीन ओळी शेवटी होत्या. त्यांवर मी काट मारली. म्हटलं, साक्षीत भीती सांगायची नसते, लोक धीर घ्यायला ऐकतात. त्या जागी मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, "मी पूर्ण बरी झाले आहे."

तिने ते जसंच्या तसं वाचलं. डोक्यावर स्कार्फ, अंगावर नवी साडी, हातात ते वहीचं पान. सगळं चर्च उभं राहिलं. बायका रडल्या, पाळकसाहेब रडले, मी तर रडलेच. कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि तो आमच्या ग्रुपवरून थेट नगरकडच्या नातलगांपर्यंत गेला.

त्यानंतर तिचं स्वतःचं असं काही उरलं नाही. ती मंडळीची झाली. प्रार्थनासभा कुठेही असो, लोक तिला उभं करायचे. मीही तिला भेटींना सोबत नेऊ लागले. कुळगावात आमच्यातल्याच एका बाईंना तोच आजार निघाला होता आणि त्या औषध घ्यायला तयार नव्हत्या. ही त्यांच्या पलंगाशी बसली, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "ताई, माझ्याकडे बघा ना. मी आहे की नाही तुमच्यासमोर?" त्या बाईंनी दुसऱ्या दिवसापासून उपचार सुरू केले. परत येताना मी हिला म्हटलं, आता तूच माझी जागा घेशील. ती रिक्षाचा दांडा घट्ट धरून बसली होती. मला वाटलं, खड्ड्यांमुळे.

तिची कंबर दुखत होती. विचारलं तर म्हणायची, खाली बसून कटिंग करते ना बाई, म्हणून. मी बामची बाटली नेऊन दिली. मोठं काम केल्यासारखं वाटलं मला. ती भिंतीला हात धरून उठायला लागली, उपासनेत गीताला उभी राहीनाशी झाली, तरी विचारलं की "काही नाही बाई, एकदम ओके." मी मान डोलवायचे. हे उत्तर तिला मीच शिकवलं होतं आणि मलाच ते खरं वाटत होतं, याहून मूर्ख शिक्षिका कुठे मिळायची?

एका दुपारी तिच्या मुलीचा फोन आला. आईला मोरीतून उठता येत नाहीये. मी आणि तिच्या नवऱ्याने तिला गाडी करून मुंबईला नेलं. आजार मणक्यात उतरला होता, यकृतातही. डॉक्टर तरुण होती, फाइल चाळता चाळता तिचा आवाज चढला. तीन तपासण्यांना तुम्ही आलाच नाहीत, का नाही आलात?

ती स्ट्रेचरवर होती. मी डोक्याशी उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलं, क्षणभरच, आणि डॉक्टरला म्हणाली, "कामाचं प्रेशर होतं हो मॅडम. माल खूप होता."

खरं कारण तिच्या नवऱ्याने मला नंतर कॉरिडॉरमध्ये सांगितलं. बिचारा रागावलाही नव्हता. पहिल्या तपासणीच्या दिवशी ती तयार होऊन दारापर्यंत गेली आणि परत आत येऊन बसली. म्हणाली, साक्ष दिली आणि आता दवाखान्याच्या लाइनीत उभी राहिलेली आपल्यातल्या कुणी बघितली तर काय म्हणतील? देवावर भरोसा नाही म्हणतील. बाईंना काय वाटेल? नवऱ्याने दोनदा भांडून पाहिलं, पण ती ऐकली नाही.

मी पाळकसाहेबांकडे जाऊन म्हणाले, येत्या रविवारी मी उभी राहते आणि सगळं सांगते, चूक माझी आहे. ते म्हणाले, आधी तिला विचारा. मी विचारलं तर ती घाबरली. माझं मनगट धरून म्हणाली, "नको ना बाई. कुळगावच्या ताई माझ्याकडे बघून इंजेक्शन घेतायत. त्यांना कळलं तर त्या सोडून देतील." म्हणून मी उभी राहिले नाही. मंडळीत सांगितलं गेलं, कंबरेचं ऑपरेशन झालंय, भेटायला येऊ नका. म्हणजे आता भेटायलाही कुणी येईना. शेवटचे तीन महिने त्या खोलीत तिचा नवरा, मुलगी आणि मी, एवढेच होतो. तिला कूस बदलून द्यायची, पुसून घ्यायचं, पाठीच्या जखमेला पावडर लावायची. गठ्ठे यायचे बंद झाले होते. मी प्रार्थना करायचे, पण मोठ्याने नाही. देवाशी बोलायचं तोंड मला राहिलं नव्हतं, आणि तोही काही बोलत नव्हता.

एक गोष्ट मला दिसत होती. तिला कुणाजवळ तरी मरणाबद्दल बोलायचं होतं. नवऱ्यापुढे बोलली तर तो उठून बाहेर जायचा. मुलीपुढे ती बोलणार नव्हती. उरले मी. बदलापूरहून निघताना रोज मी ठरवायचे, आज तिने विषय काढला की आपण सांत्वन करायचं नाही. हो म्हणायचं. रडू द्यायचं. पोरीचं काय करायचं, कुठे पुरायचं, कुठली गीतं म्हणायची, ती बोलेल ते सगळं ऐकायचं. एवढं एकच आपल्याकडून आता होण्यासारखं आहे.

ती वेळ आली एका सकाळी. मुलगी शाळेत गेली होती, नवरा झोपला होता, रात्रपाळी करून. मी तिचं तोंड ओल्या फडक्याने पुसत होते. ती अगदी शांतपणे म्हणाली, "बाई, खरं सांगा. मी जाणार ना आता?"

तिचे डोळे स्वच्छ होते. ती घाबरलेली होती आणि ते तिला मला सांगायचं होतं. माझं उत्तर तयार होतं, रिक्षात बसून मी ते पाठ केलं होतं. आणि मी म्हणाले, "असं बोलायचं नाही. तू बरी होणार आहेस."

माझ्याच तोंडून आलं ते, माझ्याच त्या शाळेतल्या खणखणीत आवाजात.

मग तिने हात पुढे करून माझ्या हातावर दोनदा थोपटलं आणि म्हणाली, "हो बाई. होईन बरी." पुढे ती अकरा दिवस होती. त्या अकरा दिवसांत तिने मला काहीही विचारलं नाही.