टपालवाल्या बाईंचा पौल

कॅरिबियन समुद्रातल्या आमच्या प्रॉव्हिडेन्सिया बेटावर टपालाची बोट गुरुवारी येते. समुद्र खवळला की शुक्रवारी येते, आणि कप्तानाच्या मुलीचं लग्न असलं की पुढच्या गुरुवारी. बोट कधीही येवो, धक्क्यावर मिस व्हर्नेटा न्यूबॉल उभ्या असायच्याच. डोक्यावर नवऱ्याची गवती टोपी, खांद्यावर चामडी पिशवी, आणि उजव्या पायातला बूट करंगळीपाशी कापलेला. एकतीस वर्षं त्यांनी बेटाला पत्रं पोचवली, आणि पोचवली म्हणजे नुसती हातात ठेवली नाहीत.

आमची निम्मी पुरुषमंडळी तेलाच्या जहाजांवर. घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांना वाचता येत नसे. मग बाई पायरीवर बसून पत्र वाचून दाखवत, घडी घालत, आणि म्हणत, "आता यात त्याला काय म्हणायचंय ते सांगते." 'तब्येत ठीक आहे' असं तीनदा लिहिलं असेल तर ती ठीक नाही, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं. एकदा लिहिलं असेल तर ठीक. अजिबातच लिहिलं नसेल तर स्वारी मजेत आहे आणि खर्चही बराच चाललाय.

याच बाई दर रविवारी उपासनेआधी आमच्या बाप्टिस्ट मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पुरुषांचा बायबल-वर्ग घ्यायच्या. आधी वर्ग घेणारे एक म्हातारे कॅप्टन वारले, आणि सबंध बायबल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं दुसरं कुणी गावात निघालं नाही. बावीस वर्षांत आम्ही बायबलातली, संत पौलानं ठिकठिकाणच्या मंडळ्यांना लिहिलेली पत्रं चारदा वाचली आणि योनाचं पुस्तक नऊदा. वर्गात सगळे खलाशी. वादळात जहाज कसं हाकायला हवं होतं यावर प्रत्येकाचं वेगळं मत असे आणि योना बिचारा माशाच्या पोटातच राहून जाई.

पौल मात्र बाई टपालासारखा वाचत. हे पत्र कुणाला, कशावरून, आणि त्याआधी तिकडून काय आलं असेल? पत्र म्हणजे ओसरीवर चाललेल्या बोलण्यातला एकाच माणसाचा आवाज, असं त्या म्हणत. दुसऱ्याचा आपल्याला ऐकू येत नाही, म्हणून जरा हळू चालायचं.

मग एड्सेल ब्रिटन मंडळीचा पाळक, म्हणजे धर्मोपदेशक, होऊन आला. आमचाच पोरगा. पाच वर्षं मुख्य भूमीवर शिकून आला होता आणि आमच्या उकाड्यात लांब बाह्यांचा सदरा घालून टाय बांधायचा. मनाचा सरळ. तिसऱ्या महिन्यात त्यानं बाईंना घरी जाऊन, चहा घेऊन, अगदी अदबीनं सांगितलं, की पौलानं आपल्या शिष्याला, तीमथ्याला, लिहिलेल्या पहिल्या पत्रात स्त्रीनं पुरुषाला शिकवू नये असं स्पष्ट आहे. तेव्हा मुलांचा आणि बायकांचा वर्ग त्यांनी घ्यावा, पुरुषांचा तो घेईल.

बाईंनी त्याला आणखी एक जॉनीकेक वाढला आणि विचारलं, की हे तू ठरवायचं की मंडळीनं? आमच्याकडे सगळं हात वर करून ठरतं. देवळाच्या रंगावर तीन सभा झाल्या, म्हणून तर ते आजही पुढून निळं आणि मागून पिवळं आहे. तेव्हा पुढच्या रविवारी सभा ठरली.

शनिवारी धक्क्यावर बाई मला भेटल्या. पुढच्या वर्षी टपालाचं काम सुटणार होतं, वय झालं होतं. "वर्गही गेला तर रविवारी मी काय करायचं?" त्या म्हणाल्या. "टोपी घालून बसायचं? ते तर खुंटीही करते." एकतीस वर्षांत त्यांचा आवाज तेवढाच एकदा बारीक झालेला मी ऐकला.

सभेत एड्सेलनं दोन उतारे वाचले, एक तीमथ्याला लिहिलेल्या पत्रातला, एक करिंथ शहरातल्या मंडळीला, म्हणजे करिंथकरांना, लिहिलेल्या. बायकांनी मंडळीत गप्प राहावं. वाचन छान झालं. बायकांच्या बाजूचे हातपंखे हलायचे थांबले.

बाई उठल्या. टोपी काढावी की ठेवावी असा क्षणभर विचार केला आणि ठेवली. त्याच करिंथकरांच्या पत्रात, तीन पानं आधी, प्रार्थना करताना आणि संदेश देताना बाईनं डोकं झाकावं असं पौल सांगतो, याची त्यांनी आठवण करून दिली. गप्प बसणाऱ्या बाईच्या डोक्यावर काय आहे याची काळजी कोण कशाला करेल, एवढंच त्यांचं विचारणं होतं.

मग त्या पहिल्या बाकाकडे वळल्या. तिथे लेम्युएल आर्चबोल्ड बसले होते, मंडळीतले सर्वांत जुने सेवक, वय ऐंशी. बाईंनी त्यांना ओसरीचं पत्र आठवतंय का विचारलं. लेम्युएल खाली बघू लागले आणि सबंध देऊळ हसायला लागलं.

ते पत्र आम्हा सगळ्यांना आठवत होतं. जहाजावरून कुणाचं पत्र आलं आणि त्यात मंडळीला नमस्कार असला, की तेवढा भाग रविवारी सगळ्यांसमोर वाचायची आमची रीत. वाचायच्या मिस व्हर्नेटा. एकदा त्या तापानं पडल्या आणि पत्र लेम्युएलच्या हाती गेलं. ते होतं कॅप्टन ऑर्विल हॉकिन्सचं. लेम्युएल बिचारे प्रामाणिक. नमस्कार कुठे संपतो ते न बघता शेवटपर्यंत वाचत गेले. त्यात होतं: 'मी येईपर्यंत बायकांनी ओसरीवर गप्प बसावं.'

कॅप्टनचं शेजाऱ्याशी नीरफणसाच्या झाडावरून भांडण चाललं होतं, आणि त्यांच्या तीन बहिणी ओसरीवरून रोज त्याचा उद्धार करत होत्या, एवढंच. पण कॅप्टनला बेटावर मान. मंडळीला वाटलं, त्यांनी काहीतरी विचार करूनच गावाला लिहिलं असणार. दोन आठवडे एकाही ओसरीवर बाई बोलली नाही. कुणाला मूल झालं ते कळेना, कुणाची गाय हरवली ते कळेना, आणि ब्रदर टोमसची कॅटबोट, शिडाची छोटी होडी, शर्यतीच्या दिवशीच भोक पडून बुडाली, कारण ते भोक फक्त त्याच्या सासूनं ओसरीवरून पाहिलं होतं आणि ती आज्ञेत होती. ताप उतरल्यावर बाईंनी पत्र मागून घेतलं, वाचलं, आणि घरोघर फिरून गावाची वाचा परत दिली.

"लेम्युएलदादा, पत्रात लिहिलेलं खोटं होतं का?" बाईंनी विचारलं.

"नाही बाई. शब्द न् शब्द खरा होता."

"मग चुकलं काय?"

लेम्युएलांनी मान वर केली. "पत्ता," ते म्हणाले.

एड्सेलही हसला होता, पण तो हार मानणाऱ्यातला नव्हता. त्यानं नीट विचारलं, की करिंथात काय भांडण होतं हे मिस व्हर्नेटांना कसं ठाऊक? आणि तीमथ्याच्या पत्राचं काय?

ठाऊक नाही, बाईंनी सरळ कबूल केलं, आणि तुलाही नाही. जे पक्कं ठाऊक नाही त्यानं मी कुणाचं तोंड बंद करत नाही. तीमथ्याच्या त्या उताऱ्यात आज्ञा पहिली आहे ती स्त्रीला शिकू द्या अशी. न शिकताच शिकवायला उठलेल्यांना पौलानं खाली बसवलं असेल, तर बरंच केलं. आपल्याकडेही काही पुरुषांना बसवायला हवं. पौलाबरोबर काम करणाऱ्या प्रिस्किल्लेनं नवऱ्यासोबत बसून अपुल्लोससारख्या पंडिताला शिकवलं, तेव्हा पौलानं कुठे तक्रार केली? आणि रोमकरांना लिहिलेलं सोळा अध्यायांचं पत्र पोचवायला ज्या फीबी नावाच्या बाईच्या हवाली केलं असं जाणते लोक मानतात, तिच्याकडून ते घेऊन लोकांनी तिला दारातूनच वाटेला लावलं असेल? "मी टपालवाली आहे, एड्सेल. दोन पानांच्या पत्रालाही लोक मला तासभर उठू देत नाहीत."

पण शिकवणं म्हणजे अधिकार गाजवणं, एड्सेलनं शेवटचा मुद्दा धरून ठेवला. अधिकार कुणाचा?

बाई त्याच्याकडे वळल्या. आवाज खाली आणून बोलल्या, तो सात वर्षांचा असताना त्याच्या पायरीवर बोलत तसा.

"तुझ्या बाबानं रॉटरडॅमहून लिहिलं होतं, एड्सेलनं होडी सोडून शाळेत जायचं. आठवतं?"

"आठवतं."

"तुझ्या आईला वाचता येत नव्हतं. तुला कुणी वाचून दाखवलं?"

"तुम्ही."

"गेलास का शाळेत?"

"गेलो."

"कुणाच्या अधिकारानं?"

एड्सेलनं टायची गाठ सैल केली. त्याची आई बायकांच्या बाकावर, डोळे मिटून, मान हलवत होती. "बाबांच्या," तो म्हणाला.

"मग वर्गातही तेच," बाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

बाईंच्या बाजूच्यांना हात वर करायला सांगितलं तेव्हा लेम्युएलांचा पहिला गेला. विरोधात चार होते. त्यातले दोन रंगाच्या सभेपासून प्रत्येक गोष्टीच्या विरोधात असतात. एड्सेलनं हात वर केला नाही, खालीही ठेवला नाही, छातीपाशी धरून राहिला. निकाल मात्र त्यानं स्वतः मोठ्यानं वाचला. वर्ग मिस व्हर्नेटांकडे. बाईनं व्यासपीठावरून उपदेश करावा का हे पुढच्या वर्षी बघू, असं त्यानं जोडलं. आमच्याकडे 'पुढच्या वर्षी' म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या देवळाची मागची भिंत अजून पिवळी आहे.

पण बाईंनी पिशवीतून टपालाची वही काढली आणि त्या सभेची तारीख विचारली. मंडळी छताकडे बघू लागली.

"मे महिना नको," त्याच म्हणाल्या. "खेकडे डोंगरावरून उतरले की रस्ता बंद, लोक येणार नाहीत. एप्रिलचा पहिला रविवार लिहिते."

पुढच्या रविवारी आम्ही वर्गात गेलो तर शेवटच्या बाकावर एड्सेल, हातात वही, गळ्यात टाय नाही. बाईंनी त्याला पुढे बोलावलं आणि तीमथ्याचं पत्र उघडायला लावलं, पहिल्या ओळीपासून.

"आधी सांग," त्या म्हणाल्या, "कुणाला लिहिलंय?"