फैजाबादला जाणारा रस्ता

डब्लिनच्या लायब्ररीत मी शनिवारी सकाळी नव्याने आलेल्या लोकांना इंग्रजी शिकवते. गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे साठीचे एक अफगाण गृहस्थ यायचे. बदख्शान या डोंगराळ प्रांताच्या राजधानीत, फैजाबादला, त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला होता. इथे ते गोदामात खोकी भरत. मध्ये काही वर्षं पाकिस्तानात काढल्यामुळे त्यांना कामापुरतं उर्दू येत होतं, मला हिंदी. त्यावर आमचं भागायचं. मी त्यांना काका म्हणायचे. त्यांच्या भाषेतही काका म्हणजे काकाच.

बऱ्याचदा इंग्रजी बाजूला राहायचं आणि काका फळ्यावर नकाशा काढायचे. इकडे हिंदुकुश, तिकडे पामीर, मधून वळणं घेत येणारी रेघ.

"हा कोकचा दर्या."

"इतक्या डोंगरात समुद्र कुठला, काका?"

"आम्ही नदीलाच दर्या म्हणतो, बेटी."

नदीच्या वरच्या अंगाला लाजवर्दाच्या खाणी. ते निळे दगड हजारो वर्षं तिथून जगभर गेले, पण तिथल्या गावांना धड रस्ता काही मिळाला नाही, असं ते म्हणायचे. फैजाबादचं नावही त्यांनी उलगडून सांगितलं. पैगंबरांचा झगा तिथे जपून ठेवला होता, त्याची कृपा, म्हणजे फैज, म्हणून ते नाव पडलं. पुढे अब्दालीने तो झगा कंदाहारला नेला.

"अब्दालीशी आमचंही जुनं वैर आहे," मी म्हटलं. "पानिपत."

काका मोठ्याने हसले. "म्हणजे आपण एकाच घरचे!"

त्यांची धाकटी मुलगी तिकडेच, खाणींच्या बाजूच्या एका गावात दिलेली होती. थंडीत तिचे दिवस भरत आले होते.

एका शनिवारी काका आले ते कोटसुद्धा न काढता बसले. तिच्या दिराचा आवाजी निरोप आला होता. कळा सुरू झाल्या होत्या, मूल आडवं होतं, गावच्या सुईणीने फैजाबादच्या हॉस्पिटलात न्यायला सांगितलं होतं. पण बर्फाचा कडा कोसळून रस्ता गाडला गेला होता.

"गाडी नाही जात," काका म्हणाले. "खाटेवर घालून चालत निघालेत."

"तिथे कुणाला फोन करू या?"

"कुणाला?"

तरी आम्ही फोन करत बसलो. कुणीतरी दिलेला एक नंबर लागत नव्हता, एक लागला तो काबूलचा निघाला. तिथला माणूस फार चांगुलपणाने बोलला आणि म्हणाला, दुआ करा.

घरी आले तर आमच्या गल्लीतलं बर्फ केव्हाच साफ झालेलं. माझी मुलगी इथल्या हॉस्पिटलात झाली, दहा मिनिटांच्या अंतरावर. तिला सगळं सांगितलं. "कान्ट दे जस्ट सेंड अ हेलिकॉप्टर?" तिने विचारलं.

सोमवारी काकांचा फोन आला.

"नात झाली."

"मुबारक, काका! मुबारक!" मी ओरडलेच.

मग ते म्हणाले, "माझी मुलगी नाही राहिली."

ती फैजाबादपर्यंत पोचली होती. डॉक्टरांनी मूल वाचवलं, पण तिचा रक्तस्राव थांबेना. परत गावी नेणं शक्य नव्हतं, म्हणून फैजाबादलाच दफन केलं.

मी आणि माझा नवरा त्यांच्या घरी खिचडी घेऊन गेलो. त्यांच्या बायकोला माझी कुठलीच भाषा येत नव्हती. तिने माझा हात धरला आणि धरूनच ठेवला. निघताना काकांनी विचारलं, "बेटी, नातीला इथे आणता येईल?"

मी त्यांना वकिलाकडे नेलं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, सध्या व्हिसाचं सगळं बंद आहे, कधी उघडेल सांगता येत नाही. तेवढं हिंदीत सांगायला मला फार वेळ लागला. काका "ठीक आहे, ठीक आहे" म्हणत मलाच समजावत राहिले.

नात फैजाबादला मावशीकडे, काकांच्या थोरल्या मुलीकडे, वाढते आहे. काका अजून शनिवारी येतात. मागच्या वेळी म्हणाले, तिला पहिला दात आलाय. "अरे वा," मी म्हटलं. काकांनी फळ्यावर कोकचाची रेघ काढली आणि फैजाबादच्या जागी एक ठिपका दिला.