ठळक अक्षरातलं पत्र

गुणवंतराव साळवी यांनी चौतीस वर्षं दिल्लीत केंद्र सरकारची नोकरी केली, आणि त्या चौतीस वर्षांत एकच काम केलं. आलेली पत्रं घेतली. ज्याला तिथे सगळे डायरी सेक्शन म्हणत त्या आवक विभागात ते पहिल्या दिवशी शिरले आणि निवृत्तीचा नारळ घेऊनच बाहेर पडले. बढत्या आल्या आणि गेल्या, साहेब बदलले, पण सकाळी टपालाची थैली उघडण्याचा मान गुणवंतरावांनी कोणाला दिला नाही.

त्या खात्याचा एक नियम त्यांच्या रक्तातच उतरला होता. लिफाफ्यावर हुद्दा असेल तर उघडा, शिक्का मारा, क्रमांक टाका. लिफाफ्यावर माणसाचं नाव असेल तर शिक्का वरच मारा, आत डोकवू नका. हा नियम त्यांच्याकडून एकदाच मोडला. एका उपसचिवांच्या नावाचा लिफाफा त्यांनी चुकून फोडला. आत साहेबांच्या सासूबाईंनी पाठवलेली लोणच्याची कृती निघाली. गुणवंतरावांनी तो लिफाफा डिंकानं असा चिकटवला की सासूबाईंनाही कळलं नसतं, आणि वर स्वतः जाऊन माफीही मागितली. म्हणजे डिंक फुकट गेला. पण माणूस तो असा.

निवृत्तीनंतर दिल्लीतल्याच द्वारका वसाहतीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये हे खातं नव्यानं सुरू झालं. घराचा ईमेल पत्ता एकच, नवराबायको दोघांच्या नावाचा. "एका घराला एक टपालपेटी पुरे," हे त्यांचं म्हणणं. पण पेटी एक असली तरी ती उघडणारे काँप्युटर तीन. एक बाहेरच्या खोलीतला जुना डबा, त्यांचा. दुसरा लेकीचा जुना लॅपटॉप, जेवणाच्या टेबलावर, इंदुमतीबाईंचा. आणि तिसरा पहाडगंजमधल्या स्नेहमंडळाच्या खोलीतला, जिथे गुणवंतराव मंगळवारी आणि शुक्रवारी मंडळाचा पत्रव्यवहार बघत आणि जाता जाता घरचंही टपाल चाळत. बटणांच्या साध्या फोनवर त्यांचं भागत होतं. टपाल खिशात घालून हिंडायची वस्तू नव्हे, असं ते म्हणत.

पूर्वी हे तिन्ही काँप्युटर एकमेकांना ओळख देत नसत. प्रत्येकजण टपालाची आपापली प्रत उतरवून घेई. त्यातून नोएडाच्या एका लग्नाचा घोटाळा झाला. निमंत्रणाला इंदुमतीबाईंनी लॅपटॉपवरून 'आनंदाने येतो' असं कळवलं आणि गुणवंतरावांनी मंडळातून 'येणे जमणार नाही, क्षमस्व' असं. वधूपित्याचा फोन आला, "तुमच्या दोघांत सगळं ठीक आहे ना?"

एका पत्राची दोन उत्तरं! डायरी सेक्शनच्या माणसाला ही गोष्ट जिव्हारी लागली. गुरुग्रामला आयटी कंपनीत असलेल्या लेकीला, क्षिप्राला, त्यांनी रविवारी बोलावून घेतलं. तिनं तिन्हीकडच्या सेटिंग बदलल्या आणि बापाला कळेल अशा भाषेत सांगितलं, "बाबा, आता टपाल एकाच कपाटात राहणार. हे तीन काँप्युटर म्हणजे त्याच कपाटाची तीन दारं. एका दारातून जे कराल, ते बाकी दोन्हीकडे दिसणार."

गुणवंतराव हरखून गेले. बाहेरच्या खोलीत एक मेल उघडायची, धावत जेवणाच्या टेबलापाशी यायचं आणि तिथलं ठळक अक्षर बारीक झालेलं बघायचं, हा खेळ ते तासभर खेळले. मग घराचा कायदा झाला. अक्षर ठळक असेल तर पत्र कोणी पाहिलेलं नाही. बारीक असेल तर एकानं पाहून निकाली काढलंय, दुसऱ्यानं त्यात नाक खुपसू नये.

आता इंदुमतीबाईंविषयी. त्या पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवत. दिल्लीत वाढणाऱ्या मुलांच्या तोंडचे मराठी शब्द एकेक करून गळताना त्यांना दिसत. स्वतःच्या क्षिप्राला 'फडताळ' म्हणजे काय ते सांगता आलं नाही, त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर पहिलं शब्दकोडं काढलं. तेव्हापासून हरवलेले शब्द गोळा करून कोडी रचायचा त्यांना नादच लागला. चौदा वर्षं त्या पुण्याच्या एका दिवाळी अंकाला दर उन्हाळ्यात एक कोडं पाठवत होत्या. आधी पोस्टानं, मग ईमेलनं. पोस्टाच्या काळात 'साभार परत'चा लिफाफा यायचा. तो दिसला की गुणवंतराव चकार शब्द काढत नसत. फक्त संध्याकाळी पहाडगंजहून गरम कचोऱ्या घेऊन येत. पुढे ईमेलच्या काळात तर नकारही येईनासा झाला. तरी बाई पाठवतच राहिल्या.

जूनमधला मंगळवार होता. दुपारचे अडीच वाजत आले होते. मंडळाच्या खोलीत पंखा नुसता गरम हवा ढवळत होता. गुणवंतरावांनी मंडळाचं टपाल संपवलं आणि घरची पेटी उघडली. वरच एक नवं, ठळक पत्र होतं. थैलीतलं पहिलं पत्र फोडायला चौतीस वर्षं सरावलेला हात तो, डोळ्यांच्या आधी पोचला.

'श्रीमती इंदुमती साळवी यांस स. न. वि. वि. आपले शब्दकोडे यंदाच्या दिवाळी अंकासाठी स्वीकारले आहे. फडताळ, उतरंड, शिंकाळे हे शब्द कैक वर्षांनी भेटले आणि माहेरचं माणूस भेटावं तसं वाटलं. आणखी एक कोडे पाठवाल का?'

गुणवंतरावांनी ते तीनदा वाचलं. मग टेबलावर थाप मारली, उठून खोलीत एक फेरी मारली आणि रिकाम्या खोलीलाच म्हणाले, "वा!" त्यांचे डोळे भरून आले होते. चौथ्यांदा वाचायला बसले तेव्हा नजर पहिल्या ओळीवर थांबली.

नावाचा लिफाफा! आणि तोही असा. चौदा वर्षं जिनं वाट पाहिली, तिच्याआधी तो भलत्यानंच फोडला. घरी लॅपटॉपवर अक्षर एव्हाना बारीक झालं असणार. म्हणजे एक तर ती कायद्याप्रमाणे तिकडे बघणारच नाही, आणि हा आनंद आपल्याला तिला तोंडी सांगावा लागेल, एखादा निरोप सांगावा तसा. किंवा बघेल, आणि तिच्या आयुष्यातलं पहिलं होकाराचं पत्र तिला उष्टं मिळेल. स्वतःच मागून घेतलेली सोय होती. आपलेच दात, आपलेच ओठ.

त्यांनी क्षिप्राला फोन लावला.

"आईचं छापणार? बाबा, बिल्कुल खरं?" ती एवढ्यानं ओरडली की त्यांनी फोन कानापासून लांब धरला.

"ओरडू नकोस. आधी मला सांग, याला डिंक कुठला लावायचा?"

"डिंक मतलब?"

"अगं, हे उघडलेलं पत्र परत बंद करायचंय. तुझी आई चारला चहा घेऊन लॅपटॉपपुढे बसते. त्याआधी ते तिथं ठळक दिसलं पाहिजे. ते तिनंच पहिल्यांदा उघडलं पाहिजे, क्षिप्रा."

"यार बाबा..." ती म्हणाली. मग गंभीर होऊन तिनं सांगितलं, "राइट क्लिक करा. 'मार्क अ‍ॅज अनरीड' दाबा. बस."

त्यांनी दाबलं. अक्षर टम्म फुगल्यासारखं ठळक झालं. गुणवंतराव सुटकेचा श्वास सोडतात न सोडतात तोच कोपऱ्यात लाल खूण आली. गल्लीतल्या वायरींच्या गुंत्यात कुठेतरी काहीतरी तुटलं होतं आणि नेट गेलं होतं.

"मग गडबड आहे," क्षिप्रा म्हणाली. "'वाचलं' ही बातमी घरी पोचली, 'नाही वाचलं' ही तुमच्याकडेच अडकली. पासवर्ड सांगा, मी इथून करते."

"पासवर्ड रजिस्टरमध्ये आहे. रजिस्टर कपाटात. आणि कपाटाची किल्ली तुझ्या आईकडे."

"अच्छा," क्षिप्रा म्हणाली. "तर मग पळा, बाबा."

वीस मिनिटं त्यांनी नेटची वाट पाहिली आणि मग खरोखरच पळाले. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, टळटळीत ऊन, अंगाला भाजणारी लू. आर. के. आश्रमच्या मेट्रो स्टेशनपर्यंत ते अर्धे चालत, अर्धे धावत गेले. गाडीत बसायला जागा मिळाली, पण बसवलं नाही. प्रत्येक स्टेशनला दारं उघडायला आणि मिटायला लागणारा वेळ त्यांना सरकारी कामासारखा वाटायला लागला, आणि सरकारी कामाबद्दल असं काही वाटण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. द्वारकेला उतरून त्यांनी ई-रिक्षा धरली.

"भैया, ज़रा जल्दी."

"अंकल, अस्पताल?" त्यांचा अवतार बघून रिक्षावाल्यानं विचारलं.

"नहीं. चिट्ठी."

रिक्षावाल्याला त्यातलं काही कळलं नाही, पण त्यानं रिक्षा मात्र पळवली.

दार इंदुमतीबाईंनी उघडलं तेव्हा चारला दहा कमी होते.

"आज लवकर?"

"मंडळाचं नेट गेलं," गुणवंतराव म्हणाले. हे खरंच होतं, म्हणून त्यांना म्हणता आलं.

"म्हणून उन्हात धावत आलात? चेहरा बघा कसा झालाय. बसा, पन्हं देते."

त्या स्वयंपाकघरात वळल्या आणि गुणवंतराव बाहेरच्या खोलीतल्या आपल्या डब्यापुढे बसले. तो सुरू व्हायला कायम चहा उकळण्याइतका वेळ घेई. आज तर त्यानं वरणभाताचा कुकर लावल्यासारखं केलं. अखेर पेटी उघडली. पत्र तिथंच होतं, बारीक अक्षरात. त्यांनी राइट क्लिक केलं, बटण दाबलं आणि ते लगबगीनं जेवणाच्या टेबलापाशी गेले. उघड्या लॅपटॉपवर तीच ओळ, त्यांच्या डोळ्यांदेखत, ठळक झाली.

डिंक बसला होता.

पन्हं पिऊन झालं, मग चारला चहा झाला. इंदुमतीबाई चष्मा पुसून लॅपटॉपपुढे बसल्या. गुणवंतरावांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं आणि विवाहविषयक जाहिराती मन लावून वाचायला सुरुवात केली. माउसचा आवाज झाला.

"अहो."

"काय गं?"

"जरा इकडे या."

त्यांनी पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. 'माहेरचं माणूस' या शब्दांपाशी आल्यावर पुढचं त्यांना वाचवेना. पुढचं गुणवंतरावांना पाठ होतं, पण त्यांनी ते स्क्रीनवर बोट ठेवून, अडखळत वाचलं. "कमाल आहे!" असं ते तीनदा म्हणाले. तिसऱ्यांदा जरा जास्तच झालं. क्षिप्राला फोन लावला तर तीही "क्या बात!" म्हणून अशी किंचाळली, की नाटकाचं अंग बापाकडून आलं नाही हे सिद्ध झालं. त्या संध्याकाळी घरात शिरा झाला, आणि गुणवंतरावांना वाटलं की चौतीस वर्षांत एवढं चोख काम आपल्या हातून झालं नव्हतं.

दिवाळीच्या आधी आठवडाभर अंक आला. पोस्टानं, खाकी लिफाफ्यात, नावावर. गुणवंतरावांनी तो कात्रीसकट बायकोपुढे ठेवला.

"आज तुम्ही उघडा," इंदुमतीबाई म्हणाल्या. "आणि दुसरं कोडं सोडवा. तुम्हाला मुद्दाम दाखवलं नव्हतं."

ते पेन्सिल घेऊन बसले. निम्मं कोडं भराभर सुटलं. मग आडवा सातवा आला. 'उघडलेले पत्र पुन्हा चिकटवणारा सद्गृहस्थ (४)'.

"हे सोपं आहे," म्हणून त्यांनी ऐटीत लिहिलं, का-र-कू-न. मग उभा सातवा पाहिला. 'दोघांनाही ठाऊक असून दोघांनीही जपलेले (३)'. गुपित. पण मग आडव्याचं पहिलं अक्षर 'का' कसं असेल? ते 'गु' हवं. त्यांनी कारकून खोडला, 'गु' लिहिलं आणि त्यांचा हात थांबला.

वर पाहिलं तर बाई हसत होत्या.

"तुला माहीत होतं?"

"त्या दुपारी मी लॅपटॉपपाशीच होते. पुण्याचं नाव दिसलं. चष्मा शोधून परत येते, तो ठळकचं बारीक! म्हटलं, झालं, डायरी सेक्शननं लिफाफा फोडला."

"मग उघडलं का नाहीस? दीड तास?"

"हात गेला होता हो, खोटं कशाला सांगू. पण चौदा वर्षं थांबले, मग एकटीनंच उघडून काय करायचं होतं? म्हटलं, येऊ देत घरी." त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. "आणि तुम्ही घामाघूम होऊन दारात उभे राहिलात, तेव्हाच कळलं की होकार आहे."

"ते कसं?"

"नकार असता तर सावकाश आला असतात. कचोऱ्या घेऊन."

पेन्सिल बाजूला ठेवून गुणवंतरावांनी खिशातलं पेन काढलं आणि उरलेली तीन अक्षरं चांगली ठळक लिहिली.