धुऊ नको, एवढंच सांगितलं होतं

नागभीडच्या फलाटावर बाबा मला सोडायला आले ते थेट बांधीवरून, म्हणजे धानाच्या शेतातून. हातात बॅटरी, खांद्यावर घोंगडी, पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलानं भरलेले. धान निसवलं होतं, म्हणजे लोंब्या बाहेर पडत होत्या, आणि त्या दिवसांत आमच्याकडे शेतवाला माणूस घरात झोपत नाही. रानडुकरांचा कळप एका फेरीत अर्धी बांधी लोळवून जातो. म्हणून धुऱ्याशी, शेताच्या बांधाला, चार बल्ल्यांवर मचाण बांधायचं आणि रात्रभर जागल करायची. कॉलेज संपेपर्यंत त्यांच्यासोबत मी जायचो. त्या सकाळी बल्लारशाच्या गाडीची वाट पाहत माय, बाबा आणि मी असे तिघं उभे होतो. शेवटी बाबांनी माझी नवी जीन दोन बोटांत धरून पाहिली. आठवडी बाजारातली होती. "जाडी आहे," ते म्हणाले. "तिकडं थंडी रायते म्हणते." माय म्हणाली, "आंग धुवत जाजो रोज." तेवढ्यात गाडी आली.

तुमच्यातले जे माझ्यासारखे गाडीत बसले, कोणी पुण्याला, कोणी हैदराबादला, त्यांना पुढचं माहीतच आहे. पहिली दोन-तीन वर्षं आपण फक्त टिकून राहतो. मग हातात थोडा वेळ उरतो आणि या शहरांत उरलेल्या वेळाला छंद लागतो. बंगळुरात माझ्या ऑफिसात कोणी पहाड चढतं, कोणी कॉफीचे दाणे घरी भाजतं. मी मशीनचे भाग डिझाइन करतो. मला जीनचं वेड लागलं.

जीन म्हणजे मॉलमधली नव्हे. हे समजावताना माझं निम्मं आयुष्य गेलं आहे, तरी पुन्हा सांगतो. शंभर वर्षांपूर्वी परदेशातल्या खाणीत, रेल्वेत मजूर जशा पँटी घालायचे, हुबेहूब तशा काही लोक आज पुन्हा बनवतात. जुन्या अरुंद मागावर कापड विणतात, त्यामुळे त्याला धोतरासारखा पांढरा काठ येतो. तांब्याच्या रिव्हेटी, कंबरेमागे बक्कल, बेल्टच्या पट्ट्यांऐवजी गॅलसची, म्हणजे खांद्यावरून घ्यायच्या पट्ट्यांची, बटणं, सगळं जुन्यासारखं. थोडेच नग काढतात आणि खिशाच्या आतल्या बाजूला नगाचा क्रमांक टाकतात. कापड कोरं असतं, एकदाही न धुतलेलं, पुठ्ठ्यासारखं कडक. ते तुम्ही रोज घालायचं आणि धुवायचं नाही. मग हळूहळू मांडीवर, गुडघ्यामागे, खिशातल्या फोनभोवती निळा रंग उडतो आणि तुमच्या बसण्या-उठण्याचा ठसा कापडावर उमटतो. दुसऱ्या कोणाच्या जीनवर तो ठसा येत नाही. यातच सगळी गंमत आहे.

ही गंमत मला आजवर एकाही माणसाला पटवता आलेली नाही. माझा रूममेट खोलीची खिडकी उघडी ठेवून झोपायचा. धुणीभांडी करणाऱ्या अक्कांना ती जीन दिसली की त्या तिला काठीनं उचलायच्या. ज्यांना पटलं ते सगळे फोनच्या पडद्यापलीकडे, आमच्या ग्रुपवर. इंदूरचा एक दंतवैद्य, कोचीची एक मुलगी, जकार्ताचे दोघं भाऊ. आम्ही एकमेकांना गुडघ्यामागच्या सुरकुत्यांचे फोटो पाठवतो आणि तासन् तास त्यावर बोलतो. हसायचं तर हसा.

त्यातही एक गोष्ट मला आतून टोचायची. माझा मामा कोळशाच्या खाणीत होता. त्याची पँट गुडघ्यावर फाटली की मामी तिचं पायपुसणं करायची. त्या पँटचा नमुना कोणी जपला नाही, तिची नक्कल जगात कुठं निघणार नाही. आणि मी मात्र सातासमुद्रापलीकडच्या कोण्या अनोळखी खाणवाल्याच्या पँटची जपानात शिवलेली नक्कल मिळवायला महिनोन् महिने रांगेत होतो. मिळाली त्या रात्री ती घालूनच झोपलो, हेही खरं आहे. ती मी दीड वर्ष घातली. ग्रुपवर आमची पैज लागलेली होती, कोणाचा ठसा सगळ्यात सुंदर येतो याची. सगळे म्हणायचे, या खेपेला तुझीच.

इकडे माझं असं चाललेलं असताना तिकडे बाबा मचाणावर एकटे जाऊ लागले होते. शेजारच्या बांधीवाल्याचा पोरगाही नागपूरला गेला. आमच्या बाजूला वाघ म्हणजे नवल नाही, पण अलीकडे तो गावालगत दिसायला लागला. तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या पलीकडच्या गावातल्या एका बाईला त्यानं नेलं. वनखात्याची जीप भोंगा लावून फिरायची, अंधार पडल्यावर शेतात जाऊ नका. ते बरोबरच सांगत होते. फक्त डुकरांना ते कोणी सांगत नव्हतं.

मी फोनवर भांडायचो. जमीन ठेक्यानं द्या म्हटलं. नाही. काही दिवस इकडे येऊन राहा म्हटलं. आले, आठवडाभर चौथ्या मजल्याच्या गॅलरीत बसून राहिले आणि म्हणाले, "इथी मी काय राखून राह्यलो?" मग मी कुंपणाला हलका करंट सोडणारं झटका मशीन पाठवलं. त्यांनी ते लावलं आणि काही दिवसांत काढून ठेवलं. "गावातले वासरं चमकते," असं कारण सांगितलं. डुक्कर चमकावं म्हणूनच ते मशीन असतं, पण बाबांना सगळं पटवता येतं, त्यांच्या सोयीचं नसेल ते सोडून. त्या काळात फोन ठेवल्यावर मी दर वेळी भिंतीकडे पाहत बसायचो. वाघ बाबांना नेईल, ही भीती मी ऑफिसात कोणाला सांगायची? तिथं वाघ म्हणजे सफारी.

अशात कंपनीनं मला तीन महिन्यांसाठी जर्मनीला पाठवलं. पैजेची मुदत मी परत आल्यावर संपत होती. जीन सोबत न्यावी तर तिकडच्या घरमालकिणीची धास्ती, खोलीवर ठेवावी तर अक्कांची. म्हणून जाण्याआधी पोळ्याला घरी गेलो तेव्हा ती मधल्या खोलीतल्या खुंटीला टांगली आणि मायला बजावलं, "हिले धुऊ नको. काहीही झालं तरी धुऊ नको."

"वास येते ना रे बाबू."

"येऊ दे."

"कोणं पाह्यलं तं म्हणन, यायच्या घरी पाणी नाई." एवढं बोलून तिनं हात झटकले. पण शब्दाची ती पक्की आहे. मी निर्धास्त गेलो.

परतलो तो नागपूरला उतरून तसाच यष्टीनं घरी. बॅग टेकवली आणि मधल्या खोलीत गेलो. खुंटीला बाबांची छत्री होती.

"माय, जीन?"

"धुतली नाई मी," ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली.

"मग कुठी आहे?"

"बांधीवर."

मी चप्पल न घालता गेलो. धान कापून झालं होतं, नुसती खुंटं उरली होती. जंगलाच्या बाजूच्या धुऱ्यावर एका बांबूला माझी जीन उभी होती. दोन्ही पायांत तणस, म्हणजे धानाचा पेंढा, ठासून भरलेलं, वर बाबांचा जुना सदरा, त्यावर फुटकं मडकं. पावसाळ्याचा सगळा शेवट आणि ऑक्टोबरचं ऊन तिनं तिथं काढलं होतं. समोरची बाजू पार पांढरी पडलेली, मागची तशीच गडद. गुडघ्यामागचा माझा ठसा तणसानं ताणून सपाट केलेला. बसायच्या जागी बांबू आरपार निघालेला. आणि दोन्ही खांदे नसलेल्या त्या माणसाच्या खिशात कुठल्याशा चिमणीनं घरटं करून सोडून दिलेलं.

संतापानं माझे दात विचकले गेले होते. मागून बाबा आले. माझ्या तोंडाकडे पाहून त्यांना वाटलं मी खुश आहे. मग त्यांनी जे सांगितलं ते तुम्हाला त्यांच्याच शब्दांत सांगतो, कारण मला ते अजून नीट गिळता आलेलं नाही.

"डुक्कर डोयानं नाई पाहात, नाकानं पाहाते. आपण कपडे टांगतोच ना दरसाल. पण तुह्या मायचं तुले माहीत आहे, अंगातून काढलं का धुतलं. धुतलेल्या कपड्याले डुक्कर दोन दिवस भेत नाई. साऱ्या घरात हाच एक कपडा असा का ज्याच्यात माणूस होता."

"बाबा, मी धुऊ नका म्हणून सांगितलं होतं."

"मग? कोणं धुतली? एक लोटा पाणी टाकलं असन तं सांग. वरच्या पाण्याले आमी काय करावं?"

शेजाऱ्याची बांधी डुकरांनी लोळवली, आमच्याकडे एक लोंबी हलली नाही, असं ते पुढे सांगत राहिले. मी बांबू उपटायला हात घातला तेव्हा ते सहज म्हणाले की यंदा जागलीला जावंच लागलं नाही, घरीच झोपलो. माझा हात तिथंच थांबला. दीड वर्षाची माझी मेहनत मातीत गेली होती आणि त्याच वेळी तीन महिने मी ज्या भीतीनं जर्मनीत कूस बदलत होतो ती उगाच होती. एकाच माणसावर चिडायचं आणि त्याच माणसासाठी सुटल्यासारखं वाटायचं, हे जमत नाही.

ग्रुपवर फोटो टाकला. लोकांनी आधी नावाजलं, असा रंग आजवर पाहिला नाही म्हणाले. मग मी खरं सांगितलं. दंतवैद्यानं अगदी नम्रपणे नियम दाखवला की जीन माणसाच्या अंगावर असायला हवी. मी बाद झालो. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "आंगावरच तं होती ना सदऱ्याच्या."

त्यानंतर मी एक करार केला. दरवर्षी मी एक जीन घालणार, मुळीच न धुता. धान निसवायच्या आधी ती पार्सलनं पाठवणार. बदल्यात बाबांनी मचाणावर जायचं नाही. त्यांनी मान डोलावली. तेव्हापासून माझा संग्रह हा असा आहे. बाकीचे लोक आपल्या जीन कपाटात, काचेमागे ठेवतात. माझे मर्यादित आवृत्तीचे, क्रमांक टाकलेले नग नागभीडच्या धुऱ्यावर तणस भरून उभे असतात. बंगळुरातल्या उन्हाळ्यात लोक सुती चड्डीवर फिरतात तेव्हा मी ती जाड कापडं घालून घामाघूम होतो, आणि ऑफिसात मीटिंगला माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहते. अंगात मुरवून पाठवायचं म्हणजे तसंच करावं लागतं. नवी रूममेट मंडळी टिकत नाहीत. लग्नाचं एक स्थळ याच वासावरून गेलं, असा मायचा दावा आहे, आणि तो खोटा आहे असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

यंदाचं पार्सल वेळेत गेलं. वाघाची बातमी पुन्हा होती, या वेळी आमच्याच बोडीजवळ, म्हणजे छोट्या तळ्याजवळ, पंजांचे ठसे दिसले होते, पण मी निवांत होतो. परवा मायशी बोलताना तिच्या तोंडून निसटलं की बाबांची सकाळची चाय आजकाल थंडी होते, ते मचाणावरून उशिरा येते. मी विचारलं, आजकाल म्हणजे? तिनं दुसराच विषय काढला. मग कळलं की आजकाल म्हणजे दरवर्षीच. पहिल्या साली ते खरंच घरी झोपले होते. करार झाला त्यानंतर एकदाही नाही.

मी बाबांना फोनवर घेतलं आणि जे जे तोंडात आलं ते बोललो. वाघ आहे म्हटलं, वय झालं म्हटलं, शब्द दिला होता म्हटलं. हे सगळं कशासाठी करून राह्यलो मी, असंही म्हटलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. पलीकडे कोंबडं आरवत होतं. मग मीच थकून विचारलं, जीन पाठवली असताना, डुकरं येत नसताना, तुम्ही एकटे तिथं जाताच कशाला?

"एकटा कुठी जातो बाबू," ते म्हणाले. "तुही जीन रायते ना तिथी. तुहा वास येते. बरं वाटते."

माझा राग तसाच होता. घर म्हणजे काय असं आम्ही गेलेले लोक एकमेकांना फार विचारतो. मला सध्या एवढंच कळतं की काही माणसांशी भांडायला फोन पुरत नाही, तिथं जावंच लागतं. सुट्टी टाकली आहे. धान कापेपर्यंत मचाणावर बसून भांडणार आहे.