किती ओटे?

माझ्या सासूबाईंच्या पर्समध्ये रुमाल, चष्मा, आवळासुपारी आणि किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र असायचं. यंत्र त्यांनी स्वतः केलेलं होतं. बांगड्या ठेवायच्या लांबट प्लास्टिकच्या डब्यात एक काचेची नळी, आकडेमोड करणारा बिस्किटाएवढा मायक्रोकंट्रोलर, इवलासा पडदा आणि आवाज करणारी एक चकती. नळीत किरण शिरला की टिक. मंडईत मेथीच्या ढिगावर डबा धरून त्या इतक्या गंभीरपणे आकडा बघायच्या, की भाजीवाला न विचारताच मेथी ताजी असल्याची शपथ घ्यायचा. सोसायटीतली पोरं त्यांना टिकटिक आजी म्हणत.

हे सगळं सुरू झालं एका टॉवरमुळे. आमची सोसायटी चिकलठाण्याच्या बाजूला, ज्वारीच्या रानांवर नव्यानं उभी राहिलेली. समोरच्या इमारतीवर मोबाईलचा टॉवर चढला आणि त्याच्या किरणांनी पोरं आजारी पडतील म्हणून बायकांनी सोसायटीची सभा बोलवायला लावली. सासूबाई शाळेत विज्ञान शिकवून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आधी मोजा, मग घाबरा." मग इंटरनेटवरून शिकत, डाळीच्या डब्यांशेजारी सोल्डरिंग आयर्न मांडून त्यांनी यंत्र जुळवलं. नळीला चारशे व्होल्ट लागतात, म्हणून पायात रबरी चपला. तरी दोनदा झटका खाल्लाच. यंत्र तयार झालं, गच्चीवर नेलं, टॉवरसमोर धरलं आणि मग कुठंतरी वाचताना बाईंच्या लक्षात आलं, की टॉवरच्या लहरी या नळीला कळतच नाहीत. दुसरं कुणी असतं तर गप्प बसलं असतं. सासूबाई मात्र सोसायटीच्या सभेत उभ्या राहून म्हणाल्या, "टॉवरसाठी हे यंत्र चुकीचं आहे. पण केलंय छान."

यंत्र मोडीत काढायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी घरभर मोजणी सुरू केली आणि त्यांना शोध लागला, की घरात सगळ्यात जास्त टिकटिक होते ती स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर. मी कणीक मळता मळता थांबले. त्या म्हणाल्या, अगं, थोडे किरण सगळीकडेच असतात, दगडात, केळ्यात, तुझ्यामाझ्यात. टिकटिक झाली म्हणजे लगेच धोका नव्हे, किती झाली ते बघायचं. पण शास्त्रातली मापं शेजारणींच्या गळी उतरेनात, म्हणून त्यांनी आपलं माप काढलं: ओटा. आपल्या ओट्यावर वाजतं तेवढं म्हणजे एक ओटा. वेरूळला गेलो तेव्हा लेण्याच्या आत यंत्र जवळजवळ मुकं झालं. पाव ओटा! त्यांना कोण आनंद. आपला काळा दगड किती शांत, असं त्या येईल त्याला सांगत सुटल्या. तिथला राखणदार मात्र बराच वेळ आमच्या मागं मागं होता. शेवटी त्यानं हळूच विचारलं, "बाई, गुप्तधन दाखवतं का हो हे?"

पुढं दुष्काळाची वर्षं आली. टँकरची वाट बघण्यात सकाळ जायची. सोसायटीनं जुनी बोअर आणखी खोल नेली, पाणी लागलं, आणि कुणीतरी आवई उठवली की इतक्या खालच्या पाण्यात विषारी किरणं असतात. लोक हंडे घेऊन परत जाऊ लागले. सेक्रेटरी पाटील शेंद्र्याकडचे शेतकरी, आता कारखान्यात. ते सासूबाईंना घेऊन बोअरपाशी आले. बादलीवर डबा धरताच टिक, टिक सुरू झालं. "बाई, हे तर वाजायलंय की. म्हंजी पाणी बेकार?"

"पाटील, अर्धा ओटापण नाही. तुमच्या घरी ओट्यावर केलेल्या भाकरी खाता ना?"

पाटलांनी मान डोलावली. मात्र पाण्यात बाकी काय आहे ते यंत्र सांगत नाही, ते प्रयोगशाळेत पाठवा, असं सासूबाईंनी बजावलं. अहवाल आला: किरणांचं भय नाही, क्षार भरपूर. त्या पाण्यात तुरीची डाळ काही केल्या शिजेना. पण भांडी-कपड्यांची सोय झाली आणि त्या वर्षी तेच फार होतं.

एके दिवशी सोल्डरिंग करताना त्यांचा हात थरथरू लागला. त्यांनी दोष आयर्नला दिला, मग चष्म्याला. निघाला थायरॉइड. डॉक्टरांनी किरणोत्सारी आयोडीनचं औषध दिलं आणि सांगितलं, काही दिवस लहान मुलांना जवळ घेऊ नका, तुमच्या अंगातून किरणं येतील. ऐकून मी गार झाले. सासूबाई रिक्षात बसल्या बसल्या पर्स उघडून डबा काढत होत्या. पत्र्यावर ज्वारी ओतावी तसा आवाज झाला. "शंभराच्या वर ओटे आहे मी," त्या कौतुकानं म्हणाल्या.

घरी माझी चार वर्षांची ओवी होती. तिला आजीच्या कानाची पाळी धरल्याशिवाय झोप येत नसे. सासूबाईंनी मागची खोली घेतली आणि दाराबाहेर, बऱ्याच अंतरावर, फरशीवर खडूनं रेघ मारली. रेघेच्या अलीकडे ओवी, पलीकडे आजी. रोज सकाळी रेघेवरून हाक जायची, "आजी, किती ओटे?" आकडा उतरला की रेघ थोडी पुढं सरकायची. दोघींचा खेळच झाला.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी नातीला खुशाल जवळ घ्या म्हणून सांगितलं. पण सासूबाईंचा डबा अजून चार ओटे दाखवत होता. "एक ओटा झाल्याशिवाय नाही," त्या म्हणाल्या. मी चिडले. पाटलांना शिकवलंत ते स्वतःला का लागू नाही, असं तोंडावर विचारलं. त्यांनी डबा पुन्हा स्वतःवर धरून आकडा बघितला. मला तेव्हा कळलं, की त्या घाबरल्या आहेत. मोजूनसुद्धा घाबरल्या आहेत.

आणि एका सकाळी हाक आलीच नाही. ओवी रेघेपाशी पाठमोरी बसली होती. तिनं आपल्या बाहुलीसाठी वेगळी रेघ मारली होती आणि तिला ती समजावत होती, "तू तिथंच बस. जवळ येऊ नको. मी वाजायलेय."

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी हातातल्या डब्याची बॅटरी काढून माझ्याकडे दिली. मग खाली बसल्या, पदरानं आधी बाहुलीची रेघ पुसली, नंतर स्वतःची. "ये गं," म्हणाल्या. ओवीनं विचारलं, "किती ओटे?" आजी म्हणाली, "मोजून झालं." ओवीनं धावत जाऊन आधी कानाची पाळी पकडली. मी बॅटरी मुठीत धरून रडत होते आणि हसतही होते.

त्यानंतर सासूबाई बरीच वर्षं ठणठणीत होत्या आणि गेल्या त्या झोपेत, कुणाला त्रास न देता. डबा ओट्यावर, मिठाच्या बरणीशेजारी असतो. ओवी आता माझ्याहून उंच झाली आहे. मी कधी चिडून, रुसून बसले, की ती स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन थांबते आणि विचारते, "आई, किती ओटे?"

राग कितीही असो, मी सांगते, "एकच. ये गं."