लेकीसाठी बंदूक बघायला गेलो तेव्हा

शनिवारी सकाळी लेक म्हणाली, "आई, आवर लवकर. बंदूक बघायला जायचंय."

आता साडी बघायला जातात, जागा बघायला जातात, मुलगी बघायला जातात, हे मला ठाऊक होतं. बंदूकसुद्धा बघायला जातात हे अडुसष्टाव्या वर्षी टेक्सासात येऊन कळलं. मी पोळ्या करत होते. म्हटलं, "बघायला म्हणजे? घ्यायला?"

"हाताला बसली तर घेऊ."

"अगं पण पोलीस आहेत ना? कोर्टानं कागद दिलाय ना तुला, त्यानं जवळ यायचं नाही म्हणून?"

"आहे ना कागद. पर्समध्ये आहे." ती चपलांचं बक्कल लावत होती, वर बघितलंसुद्धा नाही. "तो आला आणि पोलीस पोचेपर्यंत मी काय करायचं, आई? थोडं निभावून घ्यायचं?"

हे शब्द माझे होते. तव्यावरची पोळी करपली.

तो म्हणजे तिचा नवरा. म्हणजे होता. घटस्फोटाला तीन वर्षं झाली. मधे तो दुसऱ्या राज्यात गेला होता, होळीच्या सुमाराला परत आला. एकदा तिच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये तिच्या गाडीला टेकून उभा राहिला, आणि एकदा इथे आमच्या फ्रिस्को गावातच, आपल्या लोकांच्या किराणा दुकानाबाहेर. दुसऱ्या वेळी मी बरोबर होते. माझ्या हातात कोथिंबिरीच्या जुड्या. समोर जावई दिसला आणि माझ्या तोंडून काय निघावं? "बरे आहात ना?" अहो, जिभेला वळणच तसं लागलेलं! जावई म्हटला की मान द्यायचा. लेक गाडीत शिरली, आतून कुलूप लावलं आणि मी बाहेर, तिला छळणाऱ्या माणसाची ख्यालीखुशाली विचारत उभी. तो हसला. म्हणाला, "मी बरा आहे, आई. तिला सांगा, अशी पळू नकोस."

आता मागचं एक सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

नऊ वर्षांपूर्वी, मी साताऱ्याला आमच्या घरी आणि ती इथे टेक्सासात असताना, गौरी जेवणाच्या दिवशी तिचा फोन आला. दोन्ही गौरी साड्या नेसवून बसवल्या होत्या, मी पुरण वाटत होते, फोन स्पीकरवर ठेवला. ती म्हणाली, "आई, हात मोडलाय माझा. बर्फावरून घसरले."

"अगंबाई! कुठला?"

"डावा."

"डावा ना? मग बरं झालं. जेवायला तरी उजवा राहिला."

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "आई, मी येऊ का गं तिकडे थोडे दिवस?"

आणि मी काय म्हणाले, तेही जसंच्या तसं सांगते, कारण ते मी विसरायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही. म्हटलं, "अशा हातानं एवढा प्रवास करतेस? आणि तुझ्यामागे त्यांच्या जेवणाखाण्याचं कोण बघणार? थोडं निभावून घे. हात बरा झाला की दोघं मिळून या." वर डिंकाचे लाडू पाठवले एका ओळखीच्यांबरोबर. हाडाला चांगले असतात म्हणून.

घरात माहेरवाशिणी पाटावर बसवलेल्या, त्यांच्यापुढे सोळा भाज्या.

असो. तर बंदुकीचं दुकान.

मला वाटलं होतं, अंधारं असेल, दाढीवाले दांडगे लोक असतील. तर छे! सराफाच्या पेढीसारखं लखलखीत. काचेखाली पिस्तुलं ओळीनं मांडलेली, एक तर चक्क गुलाबी. दाखवायला माझ्याच वयाची एक बाई, पांढऱ्या केसांची वेणी, गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा. आधी तिनं विचारलं, कशासाठी हवंय, घरात ठेवायला की अंगावर बाळगायला? लेक म्हणाली, अंगावर, रोज, कपड्यांखाली. कपडे कसे घालता? लेकीनं अंगातला कुर्ता दाखवला. हे आणि जीन्स.

बाई हुशार. एक एक काढून, आत गोळी नाही हे आधी आम्हाला दाखवून, मगच हातात देत होती. नळी माणसाकडे न्यायची नाही, चापावर बोट ठेवायचं नाही, हे तिनं मलासुद्धा दोनदा बजावलं, मी नुसती बघायला आले होते तरी. लेकीनं सगळ्यात चिमुकलं उचललं. तर बाई म्हणते, "हनी, सगळे आधी हेच उचलतात. लपतं छान, पण हलकं आहे ना, उडवलंत की हाताला हिसका देतं. मग माणूस सराव करायचं टाळतो, आणि सराव नसलेलं पिस्तूल काय कामाचं?" मोठं घेतलं तर नेम चांगला, पण कुर्त्यातून पाठीला कुबड आल्यासारखं दिसणार. म्हणून तिनं मधलं एक काढलं. लेकीच्या मुठीत ते नीट बसलं, करंगळीसुद्धा खाली लोंबली नाही. मला उगाच तिच्या बांगड्यांचं माप घेतल्याची आठवण झाली.

"आता ही स्लाइड मागे ओढा," बाई म्हणाली. पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढून सोडायचा असतो, तेव्हा पहिली गोळी नळीत चढते. उजव्या हातात मूठ धरायची, डाव्यानं ओढायचं.

लेकीनं ओढलं. अर्ध्यावर अडलं.

"बोटांनी नको, सगळा तळवा लावा. आणि उजव्या हातानं पिस्तूल पुढे ढकला."

पुन्हा अर्ध्यावर. लेकीचं कपाळ घामानं भिजलं. मी म्हटलं, "दे बघू इकडे." आणि मी ओढलं, तर खटकन गेलं की मागे! चाळीस वर्षं कणिक मळलेले हात. बाई हसायला लागली, म्हणाली, "मॉमला मी कामावरच ठेवते!" मीही हसले. लेक हसली नाही.

बाईनं त्याहून सोपं, मऊ स्प्रिंगचं आणखी एक दिलं. तेही पूर्ण जाईना, बोटभर राहायचंच. ती म्हणाली, "हे धोक्याचं. अर्धवट ओढलं तर गोळी अडकते. ऐन वेळी अडकून चालणार नाही." मग चष्मा डोळ्यांवर चढवून तिनं लेकीचं मनगट बघितलं. ते एका बाजूला जरा उंच आहे, आणि तळवा पुरता वर वळत नाही. "हे कशानं झालं?"

मी मनात म्हटलं, बर्फ.

लेक इंग्रजीत म्हणाली, फोन नंबर सांगावा तशा आवाजात, "नवऱ्यानं हात मागे पिरगाळला. किचनच्या ओट्याच्या कडेवर दाबून. मोडेपर्यंत."

बाईनं पिस्तूल काचेवर ठेवलं. 'अरेरे' नाही, 'सॉरी' नाही. म्हणाली, "ठीक. मग स्लाइडवालं नको." आणि आत जाऊन एक खुर्ची घेऊन आली. मला वाटलं, लेकीसाठी. तर तिनं ती माझ्या मागे ठेवली.

मी बसले. समोर काचेत ती गुलाबी बंदूक दिसत होती. माझं पोर परक्या बाईला दुकानात उभ्या उभ्या सांगू शकलं. मला नऊ वर्षांत सांगू शकलं नाही. आणि मी तरी कधी विचारलं होतं?

शेवटी रिव्हॉल्व्हर ठरलं. पाच गोळ्यांचं, फिरत्या चकतीचं. त्याला मागे ओढायला काही नसतं, नुसता चाप दाबायचा. चाप जड असतो, पण तो उजव्या बोटाचा प्रश्न. त्यातलंही अगदी हलकं नको, थोडं वजनदार घ्या, हिसका कमी बसतो, असं बाईनं सांगितलं आणि मागच्या बाजूला नेऊन झाडून बघायला लावलं. पुढे कागदावर काळी माणसाची आकृती. कानांवर झाकणं होती तरी पहिल्या आवाजाला माझे डोळे मिटले. उघडून बघते तर लेक तशीच उभी, दोन्ही हात पुढे, आणि गालावरून पाणी वाहतंय. तिनं ते पुसलं नाही. पाचही गोळ्या झाडल्या, मग पुसलं.

गाडीत मला काहीतरी बोलायचं होतं. बोलले काय, तर, "ते ठेवायला मी मखमलीची पिशवी शिवून देते. मऊ, आतून अस्तर लावून." मी ब्लाउज, परकर शिवून संसाराला हातभार लावलेली बाई, मला दुसरं सुचतं काय! परकराच्या आतल्या खिशासारखा खिसा डोळ्यांपुढे आला.

"नाही चालत, आई. मऊ कापड चापात अडकलं तर गोळी सुटते. त्याला कडक कव्हरच लागतं, चाप पूर्ण झाकणारं."

"बरं."

थोड्या वेळानं तीच म्हणाली, "कुर्ते सैल करून दे. सगळे अंगाबरोबर आहेत. उजवीकडे फुगवटा दिसेल."

म्हणून रविवारी दुपारी तिला आरशापुढे उभं केलं. रिव्हॉल्व्हर रिकामं करून, तीनदा बघून, तिनं कंबरेला उजव्या बाजूला लावलं आणि वरून कुर्ता सोडला. दिसत होतं. मी बगलेपासून शिवण उसवली, आतली माया, म्हणजे शिवणीत राखलेलं जादा कापड, मोकळं सोडलं, टाचण्या लावल्या. तिच्या लग्नातले ब्लाउज मी असेच तिला उभं करून बेतले होते. तेव्हा म्हणायची, आई, घट्ट कर, आणखी घट्ट, फोटोत चांगलं दिसतं.

"इथे चीर थोडी वर घे," ती म्हणाली. "हात पटकन गेला पाहिजे."

मी खाली बसून चिरेला टाचण्या लावत होते. तिचा डावा हात माझ्या डोळ्यांसमोर, मनगटाचं ते उंच आलेलं हाड. मी तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"तू बर्फावरून घसरली नव्हतीस, हे मला माहीत होतं."

ती आरशात बघत राहिली. "कधीपासून?"

"मागच्या वर्षीपासून. इथल्या गणपतीला गेलो होतो ना आपण, मंडपाबाहेर डांबर एवढं तापलेलं की माझी चप्पल चिकटत होती. तेव्हा डोक्यात आलं, की अरे, गौरी-गणपतीच्या दिवसांत इथे बर्फ कुठला? पण मी ते ढकलून दिलं. मला ते नको होतं गं. ते खरं धरलं असतं, तर मी तुला काय बोलले होते, तेही खरं धरावं लागलं असतं."

ती म्हणाली, तेही मला नाही, आरशाला, "आई, मला दुसरं काय हवं ते सांगता आलं असतं. बाथरूममध्ये पडले म्हटलं असतं. जिन्यावरून म्हटलं असतं. तो शेजारी उभा होता, खरं बोलता येत नव्हतं. म्हणून मुद्दाम बर्फ म्हणाले. मला वाटलं, तुला खटकेल. तू म्हणशील, अगं सप्टेंबरात बर्फ कुठला?"

मी तिच्या पायाशी बसलेली होते.

"मी वाट बघत होते," ती म्हणाली. "तू म्हणालीस, डावा ना, मग बरं झालं."

मी तिचा हात धरायला गेले. तिनं काढून घेतला नाही, पण बोटं मिटलीही नाहीत. थोड्या वेळानं म्हणाली, "टाचण्या लाव. मला उद्या ऑफिसला घालायचाय."

मी टाचण्या लावल्या. शिवलं, घालून बघितलं, दिसत होतं. परत उसवलं. तिसऱ्या खेपेला बसलं.

ऑफिसात बंदूक नेऊ देत नाहीत. तिथे ती गाडीतल्या पेटीत कुलपात ठेवावी लागते. म्हणजे ज्या पार्किंगमध्ये तो येऊन उभा राहिला होता, तिथून ऑफिसच्या दारापर्यंत ती रोज कोर्टाच्या त्या कागदाच्या भरवशावरच चालते. हे तिला मी बोलून दाखवत नाही. तिला कळत नाही थोडंच?

ती आता बंदूक चालवायच्या वर्गाला जाते, तिथल्या शिकवणाऱ्या बाईनं तिला एक सवय लावून घ्यायला सांगितलंय. उजवा हात कायम मोकळा ठेवायचा. किल्ल्या, डबा, पर्स, फोन, सगळं डाव्या हातात. त्यामुळे सकाळी निघताना ती आता डाव्या हातानंच टाटा करते, त्यात डब्याची पिशवी लटकलेली. तळवा काही माझ्याकडे पुरता वळत नाही, अर्ध्यावर थांबतो. आधी ती उजव्या हातानं टाटा करायची, तेव्हा हे कधी दिसलं नव्हतं.

मी दारात उभी राहते. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत.