राख कशी उठणार?

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती तेव्हाची ही गोष्ट. माझा भाऊ शमुवेल लालबागला गिरणीत होता. मोर्चाला गेला आणि गोळीबारात सापडला. आम्हाला नगरला कळेपर्यंत तिथल्या चर्चच्या मंडळीने त्याला शिवडीला पुरलंसुद्धा. आई म्हणाली, "त्याची कपड्यांची पेटी घेऊन ये. माती बघून ये." मुंबई पाहायची मला लहानपणापासून हौस. ती अशी फिटली.

दौंडला गाडी बदलायची आणि दादरला उतरायचं. सोबत दशम्या हव्यातच, दौंडच्या फलाटावर फार ताटकळावं लागतं. दादरहून ट्राम आण्या-दोन आण्यांत लालबागला सोडायची, पण त्या दिवसांत आज ती चालू आहे का, हे आधी विचारावं लागे. चालू होती. रस्त्यावरच्या दुकानांच्या फळ्या अर्ध्याच उघडलेल्या होत्या.

शमुवेल राहायचा त्याच्या दोस्ताकडे, पांडूकडे. दोघं एकाच खात्यात कामाला. मोर्चाला बरोबर गेले आणि दोघंही परतले नाहीत. खोलीत उरली होती पांडूची आई, राधामावशी, मालवणकडची. तिने मला कुळथाची पिठी आणि भात वाढला.

मग शेजारणी जमल्या. मी खेडोपाडी बायकांना बायबल सांगत हिंडायचे, त्यामुळे त्यांचे प्रश्न मला नवे नव्हते. तुमचे देव तीन का एक? एकच, बाई. घरात इंग्रजी बोलता का? माझ्या आईला इंग्रजीचं अक्षर येत नाही. मग तुझा भाऊ मराठीसाठी कसा काय मेला? याचा मात्र मला संताप आला.

"आई त्याला मराठीतच शिव्या घालायची," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी शिवडीला चालत निघाले. मावशीही आली. कुणाला जायचं असेल तर सकाळीच निघा, उन्हात ती वाट संपता संपत नाही. मातीचा उंचवटा, वर लाकडी क्रूस. मावशीला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवलं: शमुवेल, प्रभूमध्ये निजला.

"निजलो म्हंजे?"

"आम्ही मानतो, मेलेले एक दिवस उठणार. देव उठवणार."

"माझ्या पांडूची तर राख झाली गो. समुद्रात सोडली. तो खंयसून उठतलो?"

"मातीतून माणूस घडवणाऱ्याला राख काय जड आहे, मावशी?"

"पण तो तुमच्यातलो नव्हतो."

याचंही उत्तर मला पाठ होतं. विश्वास धरील त्याचंच तारण. अगदी ओठांवर आलं, आणि मला माझीच शिसारी आली.

"ते मला माहीत नाही," मी म्हटलं.

तिने मान हलवली. खाली बसली, मातीवर हात थोपटत म्हणाली, "शमू, तू उठतलस तेव्हा पांडूक हाक मार हां. तेका एका हाकेन जाग येणा नाय."

मी तिथेच रडले, आधी रडलेच नव्हते.

पेटी घेऊन नगरला परतले. आईने पेटीतला त्याचा सदरा काढून छातीशी धरला. पुढे पुष्कळ वर्षं मी बायबल सांगण्याचं तेच काम केलं. बायकांच्या बाकी सगळ्या प्रश्नांना उत्तरं दिली, मावशीच्या त्या एका प्रश्नाला मात्र कधीच नाही, आणि त्यावरून चर्चमधल्या वरिष्ठांची बोलणीही खाल्ली. आता मीही थकले. प्रार्थनेत रोज शमुवेलचं नाव एकदा घेते. पांडूचं दोनदा.